गिरणीवरच्या बाईंचा बोर्ड

बाईंच्या ऑफिसात ‘प्रीमियम’ या शब्दाला बंदी होती. ‘मॉडर्न’, ‘क्लासी’, ‘हटके’ आणि ‘एकदम वेगळं काहीतरी’ यांनाही. गिऱ्हाईक यातला एखादा शब्द बोलून गेलं की बाई हातातलं काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि गॅलरीकडे बोट दाखवत. म्हणजे बाहेर जा, रस्त्याकडे बघा आणि तुम्हाला जे म्हणायचंय ते दिसलं की आत येऊन मला दाखवा. शिक्षा लहानथोर सगळ्यांना सारखी. पनवेलमधले दोन डॉक्टर, एक क्लासवाले सर आणि एक नगरसेवक त्या गॅलरीत उभे राहिलेले मी स्वतः पाहिलेत. नगरसेवक ‘दमदार’ शोधत इतका वेळ उभे होते की खालून जाणारी चार माणसं त्यांना नमस्कार करून गेली आणि पाचव्याने गटाराची तक्रार सांगून टाकली.

बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांना नाव होतं, पण ते फक्त बिलावर. पन्नाशी ओलांडलेल्या, काटकुळ्या, चालताना मान पुढे काढणाऱ्या. उरण नाक्याजवळ एका पिठाच्या गिरणीच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि तिथे आम्ही दुकानांचे, दवाखान्यांचे, बिल्डरांचे लोगो, पाट्या, पिशव्या आणि माहितीपत्रकं करत असू. विमानतळ येणार येणार म्हणून तेव्हा अख्खं पनवेल अंगावर नवे कपडे चढवत होतं. कालचा किराणा आज ‘सुपर शॉपी’ होत होता. त्यामुळे कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो बाईंच्या पद्धतीने काम करून घेणाऱ्या गिऱ्हाइकांचा.

पद्धत अशी, की आधी बोर्ड. लोगो नाही, नाव नाही, कॉम्प्युटरला हात नाही. चार फूट लांब, तीन फूट रुंद असा एक सॉफ्ट बोर्ड भिंतीला टेकवायचा आणि त्यावर टाचण्यांनी वस्तू लावत जायच्या. मासिकातली चित्रं, कापडाचे तुकडे, काड्यापेटीचं वेष्टण, झाडाचं पान, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा. त्या धंद्याकडे बघून मनाला काय वाटायला हवं, ते सगळं त्या बोर्डावर आधी दिसलं पाहिजे. गिऱ्हाइकाने, बाईंनी आणि मी, तिघांनी त्याच्यासमोर बसून ‘हो, हेच’ म्हटलं की मगच पेन्सिल उचलायची. आम्हाला कॉलेजात याला मूड बोर्ड म्हणायला शिकवलं होतं आणि परीक्षेपुरता तो लावायलाही शिकवला होता. बाई त्यावर अख्खा महिना काढत. ‘आधी बघू, मग बोलू,’ हे त्यांचं ब्रीदवाक्य. बाई ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत की गिरणीवाल्या शेटच्याही तोंडी बसलं होतं. दळण किती वेळात मिळेल असं विचारणाऱ्या बायकांना तोही तेच ऐकवायचा.

गिरणीचा आमच्या कलेवर मोठा परिणाम होता. खालून पीठ उडायचं आणि बोर्डावर बसायचं. दुपारपर्यंत लाल रंग गुलाबी व्हायचा आणि काळा रंग म्हातारा. नवीन असताना मी एका मसालेवाल्याचा बोर्ड रोज ओल्या फडक्याने पुसत असे. बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘‘पुसू नकोस. पनवेलमध्ये कुठली पाटी स्वच्छ राहते? तळोज्याच्या कारखान्यांची हवा आहे, हायवेची धूळ आहे. आपला रंग घाणीतसुद्धा ओळखू आला पाहिजे.’’ तेव्हापासून गिरणी चालू असताना जो रंग टिकेल तोच पक्का, असं ठरलं. मला वाटलं होतं ही बाई विनोद करतेय. नंतर कळलं की बाई विनोद करत नाहीत, तो आपोआप होतो.

जी वस्तू विकायची ती बोर्डावर लावायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. बेकरीच्या बोर्डावर पाव नाही, चष्म्याच्या दुकानाच्या बोर्डावर चष्मा नाही. ‘‘पाव पावासारखा दिसतो हे लोकांना माहीत आहे. तो खाताना घर कसं वाटतं ते दाखव,’’ असं त्यांचं म्हणणं. कोन गावचे एक जमीनमालक, नुकतेच बिल्डर झालेले, गळ्यात बोटाएवढी साखळी घालून आले होते. त्यांना बिल्डिंगचं माहितीपत्रक ‘रॉयल’ पाहिजे होतं. झालं, बाईंचं बोट गॅलरीकडे. शेठ बाहेर गेले, घाम पुसत दहा मिनिटं उभे राहिले, मग आत येऊन मोबाइल बाईंच्या पुढे धरला. त्यात त्यांच्या बैलाचा फोटो. पांढराशुभ्र, शिंगं रंगवलेली, नजर अशी की जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे.

‘‘ह्यो बघा,’’ शेठ लाजत म्हणाले, ‘‘आपल्या डोळ्यासमोर रॉयल म्हंजे ह्योच हाय.’’

बाई इतक्या खूश झालेल्या मी क्वचित पाहिल्या. त्या बैलाच्या पाठीवरचा दुधाळ पांढरा, शिंगांचा शेंदरी आणि गळ्यातल्या घुंगरांचं पितळ, एवढ्यावर आम्ही सात मजल्यांच्या दोन इमारतींचं माहितीपत्रक केलं. फ्लॅट घेणाऱ्या मंडळींना त्यात राजस्थानी महाल दिसला. शेठनी ताकास तूर लागू दिली नाही.

एकदा बोर्ड लागला की बाई त्यात राहायला जात. साडी बोर्डाच्या रंगाची. जिन्यात भेटलेला गिरणीचा कामगार मला विचारायचा, ‘‘बाईंनी आज दवाखाना नेसलाय का?’’ नुसती साडी नाही, डबासुद्धा. डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम चालू होतं तेव्हा बाईंनी आठवडाभर दहीभात खाल्ला, कारण बोर्ड पांढरा आणि शांत होता. मसालेवाल्याच्या वेळी रोज ठेचा. शेवटी शेवटी पित्त होऊन त्या टेबलावर डोकं ठेवून बसायच्या, पण ठेचा सोडला नाही. ‘‘मला जळजळलं नाही तर पाकीट कसं जळजळेल?’’ हा सवाल त्यांनी मला अगदी गंभीरपणे केला होता. मी त्यांना थंड दूध आणून दिलं, तर ते बोर्डात बसत नाही म्हणून परत केलं. अशा माणसाचं काय करायचं?

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. बाई शाकाहारी होत्या. नुसत्या शाकाहारी नव्हे, चातुर्मासात कांद्याचं नावही न घेणाऱ्या. आमचं घर मासळी खाणारं. आईने कधी डब्यात सोड्यांचा भात किंवा सुकटीची चटणी दिली की बाई तोंडाने अवाक्षर काढत नसत. फक्त उठून खिडकी उघडत. खिडकी उघडली की गिरणीचं पीठ भसाभस आत यायचं आणि आम्ही दोघी जेवता जेवता पांढऱ्या व्हायचो. तीनचारदा असं झालं आणि मी आईला सांगितलं, ऑफिसात भाजीच देत जा. बाईंनी एकदाही काही म्हटलं नव्हतं, आणि मला राग होता तो त्याचाच. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

म्हणून प्रणाली पहिल्यांदा आली आणि तिने मासळीच्या दुकानाचं काम आहे असं सांगितलं, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसले. म्हटलं, आता बघू मजा.

प्रणाली उरणच्या बाजूची, करंज्याच्या कोळ्यांची सून. बी.कॉम. झालेली, तळोज्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होती. नवरा बंदरात क्रेनवर. तिच्या डोक्यात एक कल्पना बरीच वर्षं घोळत होती. नवीन पनवेलच्या सोसायट्यांमधल्या बायकांना ताजी मासळी हवी असते, पण बाजारातला चिखल नको असतो. मग तिथेच गाळा घ्यायचा, पांढऱ्या फरशा, बर्फ, साफ करून पिशवीत घालून द्यायची. नोकरी सोडून झाली होती, गाळाही भाड्याने घेतला होता. दसऱ्याला उद्घाटन. मासळी आणणार होती तिची सासू. ती करंज्याच्या धक्क्यावर लिलावात उभी राहणारी बाई, कुठल्या बोटीचा माल कसा आहे हे तिच्या तोंडपाठ.

‘‘आईंनी अजून तोंडाने हो म्हटलेलं नाही,’’ प्रणाली म्हणाली. ‘‘नाही पण म्हटलेलं नाही. पाटी कशी होते ते बघून सांगते म्हणाल्या. त्या नसतील तर मला धक्क्यावर कोण उभं करणार, मॅडम? मला पापलेट शिळं की ताजं तेपण नीट कळत नाही. माझं माहेर खारघरचं.’’

बाईंनी नेहमीप्रमाणे तिला घरून वस्तू आणायला सांगितल्या. दोन दिवसांनी ती पिशवी भरून घेऊन आली. पांढऱ्या फरशीचा तुकडा, फिकट हिरवा रुमाल, नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं, बाहेरून थेंब जमलेल्या थंड पाण्याच्या ग्लासाचं एक सुंदर चित्र. पण सगळ्यात आधी तिने पिशवीतून एक फोटो काढला आणि बोर्डाच्या मधोमध लावला. सासूचा. धक्क्यावर लिलाव चाललाय, हात वर, तोंड उघडं, नाकात नथ आणि पुढ्यात पापलेटांनी भरलेली पाटी. फोटो मोबाइलवर काढलेला, थोडा हललेला, पण त्यातला आवाज ऐकू येत होता.

बाईंनी बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘हा काढ.’’

‘‘का?’’

‘‘मासळी आहे त्यात. विकायची वस्तू बोर्डावर नाही.’’

प्रणालीने टाचणी काढली. आमच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, बोर्डावरून उतरवलेल्या वस्तू काम संपेपर्यंत त्यात राहत. फोटो डब्यात गेला. मला तेव्हा काही खटकलं नाही, नियम नियमच होता. खटकलं ते दुसरंच. त्या आठवड्यात बाईंनी बोर्डाच्या रंगाची साडी नेसली, पण डबा मात्र नेहमीचा होता. घोसाळ्याची भजी.

बोर्ड छान झाला. पांढरा, गार, टापटीप. बाई खूश, मी खूश, प्रणालीही ‘चांगला दिसतोय’ म्हणाली. मग ती सासूला, मावशींना, घेऊन आली.

मावशी गिरणीचा जिना चढून आल्या तेव्हा त्यांच्या अंबाड्यातल्या अबोलीवर पीठ बसलं होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि बोर्ड बघायला लागल्या. बराच वेळ बघत होत्या. बाईंना असं मन लावून बघणारं माणूस फार आवडायचं. त्या कौतुकाने त्यांच्याकडे बघत होत्या.

‘‘ह्याच्यात मासली कुठं हाय?’’ मावशींनी विचारलं.

‘‘मुद्दामच नाही लावली,’’ बाई उत्साहाने म्हणाल्या. ‘‘मासळी दाखवायची नाही. मासळी घेताना कसं वाटेल, ते दाखवायचं.’’

‘‘कसा वाटंल?’’

‘‘स्वच्छ. गार. वास नाही, चिखल नाही, आरडाओरडा नाही.’’

मावशी उठल्या. ‘‘वास नाय, चिखल नाय, ओरडा नाय,’’ त्या सुनेकडे बघून म्हणाल्या. ‘‘म्हंजे मी नाय. तसा सरल सांगायचा ना घरी. पनवेलपर्यंत कशाला आनलास मला हे बघायला?’’

‘‘आई, तसं नाही हो...’’

‘‘मासलीची लाज वाटतं तर मासलीचा दुकान टाकू नये. कपऱ्याचा टाक. माल दुसऱ्याकरना घे.’’

आणि त्या जिना उतरून गेल्या. खालून गिरणीचा आवाज येत होता म्हणून त्यांच्या पावलांचा आला नाही. प्रणाली खुर्चीत बसून राहिली. रडली वगैरे नाही. ती अकाउंट्सची मुलगी, एकेक ओळ मांडल्यासारखं बोलली. नोकरी गेली, गाळा गळ्यात पडला, आता घरात तोंड दाखवायला जागा नाही. मग खूप हळू म्हणाली, ‘‘तो फोटो असता तर त्या अशा गेल्या नसत्या.’’

हे ती बाईंना म्हणाली नव्हती. पण बाईंनी ते ऐकलं.

पुढचे दोन दिवस ऑफिसात राहणं म्हणजे शिक्षा होती. बाई त्या बोर्डासमोर स्टूल टाकून बसायच्या आणि कुणी काही विचारलं की खेकसायच्या. एक गिऱ्हाईक ‘प्रीमियम’ म्हणालं तर त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझं इकडे आड, तिकडे विहीर झालं. प्रणालीचं वाईट वाटत होतं, बाईंचा राग येत होता, आणि बाईंचं वाईट वाटतंय याचाही राग येत होता.

तिसऱ्या दिवशी बाई कुठल्याच बोर्डात न बसणारी एक जुनी तपकिरी साडी नेसून आल्या. बोर्ड भिंतीवरून उतरवला, चादरीत गुंडाळला, बिस्किटांचा डबा पर्समध्ये कोंबला आणि मला म्हणाल्या, ‘‘चल. करंज्याला जायचंय.’’

बाई गिऱ्हाइकाकडे कधी गेलेल्या नव्हत्या. गिऱ्हाइकाने जिना चढायचा, हाही त्यांचा नियम होता. पण हे बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती. उरणच्या एसटीत आम्ही तो बोर्ड आडवा, उभा, तिरका असा सगळीकडून घालून बघितला. कंडक्टर म्हणाला, ‘‘बाई, खिडक्या आमच्याकडे आहेत हो, घरून आणायची गरज नाही.’’ उरणपासून पुढे सहा आसनी रिक्षा. तिच्यात बोर्ड आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर छपरासारखा धरून आम्ही करंज्याला पोहोचलो.

धक्क्यावर बोटी लागलेल्या होत्या. बर्फाचे तुकडे उडत होते, पाट्या ओढल्या जात होत्या, पलीकडे बोंबील वाळत होते. मला तर भूक लागली. बाईंकडे बघितलं तर त्या आंबट चिंच चावल्यासारख्या दिसत होत्या. बोलायचं तर श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्या बोलतही नव्हत्या. माझ्या दंडाला धरून नुसत्या पुढे पुढे चालत होत्या.

मावशी फोटोतल्यासारख्याच उभ्या होत्या. हात वर, आवाज समुद्राच्या वर. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि लिलाव चालू ठेवला. बाईंनी चादर सोडली आणि तो पांढरा, गार, टापटीप बोर्ड दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या ओल्या धक्क्यावर उभ्या राहिल्या. माणसं जमायला लागली. एक म्हातारबाबा अगदी जवळ येऊन बघून गेले आणि म्हणाले, ‘‘इलेक्शनचा हाय काय? चिन्ह कंचा?’’

लिलाव संपला. मावशी हात पुसत आल्या.

‘‘काय हाय?’’

बाईंनी बोर्ड माझ्याकडे दिला, डब्यातून फोटो काढला आणि त्यांच्या समोर धरला. ‘‘हा तुमच्या सुनेने लावला होता. सगळ्यात आधी. मधोमध. मी काढायला लावला. तिने नाही.’’

मावशींनी फोटो हातात घेतला. ‘‘का काढला?’’

‘‘आमचा नियम आहे. विकायची वस्तू बोर्डावर लावत नाही. फोटोत मासळी होती.’’

‘‘मंग मासली कापून काढायची,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मला कशाला काढली? मी काय विकायला ठेवलेली हाय?’’

आजूबाजूची माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. अख्ख्या पनवेलला गॅलरीत उभं करणारी बाई तिथे स्वतः गॅलरीत उभी असल्यासारखी दिसत होती. मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला. धक्क्यावर आल्यापासूनचा पहिलाच असावा.

‘‘नियम खरा आहे माझा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इतकी वर्षं तो पाळलाय. पण त्या दिवशी फोटोकडे बघून मी ‘काढ’ म्हटलं ते नियमाने म्हटलं की नाकाने म्हटलं, हे मला सांगता येत नाहीये. दोन दिवस विचार करतेय. मला वाटतं, नाकानेच म्हटलं.’’

मला माझ्या डब्यापायी उघडली जाणारी ती खिडकी आठवली. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यांनाही ती आठवली असणार, कारण त्यांचे कान लाल झाले होते. माझा राग तिथेच गेला. एवढं खरं बोललेल्या माणसावर राग धरून काय करायचं?

मावशींनी शेजारच्या पाटीतून एक पापलेट उचललं आणि बाईंच्या दोन्ही हातांत ठेवलं. ‘‘धरा,’’ म्हणाल्या. शिक्षा म्हणून दिलं, मान म्हणून दिलं की गंमत करायला, ते मला अजून कळलेलं नाही. बाई त्या माशाकडे डोळे विस्फारून बघत होत्या. टाकतील, मला वाटलं. ओकतील, असंही वाटलं. मग त्यांनी तो हळूच उन्हात फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा कपाळावर गेला.

‘‘अगं,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘हा राखाडी बघ. राखाडी नाहीच आहे हा. याच्यात गुलाबी आहे. इथे, कल्ल्याजवळ, निळा पण आहे. असा रंग आपल्याकडे एकाही कापडात नाही!’’

मासा नाकापासून वीतभर अंतरावर होता आणि बाई भराभरा श्वास घेत बडबडत होत्या. मावशी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की नथ हलायला लागली. हसू आवरल्यावर त्यांनी माझ्याकडून बोर्ड ओढून घेतला, तो फोटो आपल्या हाताने त्यावर टोचला. मधोमध नाही, पार वरती.

‘‘मधी काय लावला व्हता? लिलावात मी सगल्यांच्या वर उभी असते,’’ त्या म्हणाल्या. मग फोटोकडे वाकून बघत, ‘‘त्वांड किती उघडा हाय माजा. दुसरा नव्हता काय तिच्याकरं?’’

‘‘हाच आवडतो तिला,’’ मी म्हटलं.

मावशींनी थोडा वेळ पाट्या सारख्या केल्या. त्या सारख्याच होत्या, तरी केल्या. ‘‘तिला सांगा,’’ त्या पाट्यांकडे बघतच म्हणाल्या, ‘‘उद्या पहाटे धक्क्यावर ये. चामऱ्याची सॅन्डल घालून येऊ नको म्हनावं. पापलेट हातात धरायला दुकानदारनीला यायला नको? ह्या बाईला पन येतंय आता.’’

दसऱ्याला दुकान उघडलं. पाटीवर एका रेघेत काढलेली बाई, हात वर केलेली, नाकात नथ. मासा कुठेच नाही, पण अक्षरांचा रंग मात्र तो कल्ल्याजवळचा, राखाडी नसलेला. प्रणाली गल्ल्यावर बसली होती आणि मावशी बर्फामागे उभ्या राहून सोसायटीच्या बायकांना लिलावाच्या आवाजात भाव सांगत होत्या. एकदोघी घाबरून मागे सरकल्या, मग हसून पुढे आल्या. आरडाओरडा नाही असं बाईंनी ठरवलेल्या त्या दुकानात पहिल्याच सकाळी पापलेट संपलं तेही त्या आरड्याओरड्यानेच.

बाई आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभ्या होतो. गर्दीवरून, झेंडूच्या तोरणाखालून पाटी कशी दिसते ते बाई मान तिरकी करून बघत होत्या. काम झालं होतं, परत निघायचं होतं. तेवढ्यात पलीकडून हाक आली. अख्ख्या रस्त्याने वळून बघितलं.

‘‘ओ बाई! तिथनं काय बघता? आत या ना!’’

बाईंनी दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला, दुकानाच्या पायरीशी आल्या आणि कुणाच्या घरी जावं तशा चपला काढून बाजूला ठेवल्या. आत सगळीकडे बर्फाचं पाणी होतं. ‘‘अवो चपला घाला, पाय भिजतील!’’ मावशी ओरडत होत्या. बाईंनी साडी जरा वर धरली आणि अनवाणीच आत गेल्या.